टॉवेलाखालचा सौदा

सत्त्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात निपाणीतल्या आमच्या गल्लीला आजारी पडायची भारी हौस आली होती. खोटं सांगत नाही. बिड्या वळता वळता बायका एकमेकींना विचारायच्या, "तुला काय झालेलं आवडंल गं?" कुणी टायफॉईड मागायची, कुणी पाय मोडून घ्यायला तयार होती. पंखा असलेली खोली, पांढरी चादर, उशाशी नर्स आणि बिल भरायला कंपनी, एवढं सगळं मिळणार असेल तर आठ दिवस पडून राहायला कुणाची ना असणार?

हे खूळ आणलं गुंडूनं. गुंडू बेळगावच्या शहापुरातला. घरात साड्यांचे माग होते, पण ह्याला मागावर बसायचा कंटाळा, म्हणून विम्याचा एजंट झालेला. मेडिक्लेम नावाची नवी पॉलिसी निघून तेव्हा वर्षही धड झालं नव्हतं. मी ज्या शाळेत शिकवत होते तिथं तो मास्तर लोकांना ती विकायला आला. मी त्याला चहा पाजला, त्याच्याकडचे कागद घेतले आणि घरी येऊन आप्पांना सगळं सांगितलं. तोंडाला कुलूप घातलं असतं तर तो उन्हाळा शांततेत गेला असता.

आप्पा म्हणजे माझे वडील, भरमा. तंबाखूच्या वखारीत चौतीस वर्षं नमुना काढायचं काम त्यांनी केलं. व्यापारी बोद घेऊन यायचे. बोद म्हणजे तंबाखूचं ते भलंमोठं पोतं. वरच्या थराला हमखास सोन्यासारखा माल लावलेला असायचा. आप्पा त्याच्याकडं बघायचेसुद्धा नाहीत. कोपरापर्यंत हात आत घालायचे, पोटातली मूठ बाहेर काढायची, चुरायची, हुंगायची आणि मालकाला नुसतं मान हलवून सांगायचं. रिटायर झाल्यावर हात घालायला बोद उरला नाही, तेव्हा ते घरात हात घालायला लागले. तांदळाच्या डब्यात, भाजीच्या पिशवीत, माझ्या पोरांच्या पेपरांच्या गठ्ठ्यात. नुसता ताप झाला होता. त्यामुळं विम्याचे कागद बघून त्यांचे डोळे असे चमकले की विचारू नका.

तसं सरकारी औषधपाणी आमच्याकडं होतंच. आई, तानुबाई, बिडी कामगार. तिच्या कार्डावर बिडी कामगारांच्या दवाखान्यात दोघांनाही गोळ्या-बाटल्या फुकट मिळायच्या, आणि दुखणं मोठं निघालं तर डॉक्टर बेळगावच्या सरकारी इस्पितळाची चिठ्ठी द्यायचे. पण ती चिठ्ठी घेऊन एवढ्या लांब जायचं, रांग धरायची, बाहेरची औषधं आणायची, जवळ माणूस ठेवायचं. म्हणून सरकारी कार्डाला जोड पाहिजे, असं आप्पांनी ठरवलं. "आता साठी वलांडली. एक बैल हाय, दुसरा जुंपाय पायजे," म्हणाले. वखारीतून सुटताना मिळालेल्या पैशांतून थोडे त्यांनी 'दुखण्याचे' म्हणून डब्यात बाजूला ठेवले होते. ते कुठं घालायचे, एवढाच प्रश्न होता.

आणि घालायला जागा एक नव्हती, तीन होत्या.

गुंडूची पॉलिसी ही एक. दुसरा आला ज्योतिबा, बेळगावजवळच्या सांबऱ्याचा. बेळगावातल्या एका खासगी दवाखान्याचं वर्षाचं कार्ड तो विकत हिंडायचा. कार्ड गुलाबी, गुळगुळीत, त्यावर हसऱ्या म्हातारा-म्हातारीचं चित्र. आणि तिसरा आमच्याच गल्लीतला सोनुबाईचा फंड. सोनुबाई आईशेजारी बसून बिड्या वळायची. दर शनिवारी मजुरी मिळाली की चाळीस बायकांकडून दोन-दोन रुपये गोळा करायची, आणि कुणी अंथरुणाला खिळलं की त्यातून द्यायची. ना कागद, ना शिक्का.

"कागूद न्हाय तर हात कशात घालू?" आप्पा तिला म्हणाले.

"माज्या तोंडात घाल," सोनुबाई म्हणाली. फंडाचा विषय तिथंच संपला.

पुढं पंधरा दिवस आमच्या घरी दुसरं बोलणं नव्हतं. संध्याकाळी मी शाळेतून आले की आई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत असायची, आप्पा पायरीवर तयारच असायचे, आणि मी इंग्रजी कागदांचा मराठी अर्थ सांगत बसायचे. पहिल्या ओळीपासून वाचायला लागले की आप्पा हात वर करायचे. "वरलं ऱ्हाऊ दे. वरलं बघायसाठी असतंय. मदलं वाच."

मधलं वाचलं की मजा यायची. गुलाबी कार्डाच्या पोटात निघालं की खाटेचं भाडं निम्मं, पण औषधं, भूल आणि ऑपरेशनचं सामान वेगळं. आप्पा टाळी वाजवून हसले. "म्हंजे खाट सवलतीत, आन् खाटंवर जे हुतंय ते बाजारभावानं!" मेडिक्लेमच्या पोटातही खडे होतेच. पॉलिसी घ्यायच्या आधीपासून जे दुखणं आहे त्याचे पैसे नाहीत. शिवाय पहिल्या वर्षात मोतीबिंदू, आंतर्गळ म्हणजे हर्निया, मूळव्याध अशा काही दुखण्यांचा खर्च नाही, तो वर्ष उलटल्यावर. पण बाकी माल चोख. दवाखाना कुठलाही चालेल, बेळगाव म्हणा, कोगनोळीचा सीमानाका ओलांडून महाराष्ट्रात कोल्हापूर म्हणा, मिरज म्हणा. हे ऐकून आप्पा पायरीवरून उठून उभेच राहिले. निपाणीच्या माणसाला दोन्हीकडं चालणारी वस्तू मिळणं म्हणजे काय, हे दुसऱ्याला कळायचं नाही.

आई ह्यात पडायची नाही. तिची बोटं चालू असायची. पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा. एकदा मात्र म्हणाली, "ते वर्साचं परत वाच गं."

मी परत वाचलं. दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा तेच मागितलं. "वर्साच्या वर एक दीस झाला तरी चालतंय न्हवं?"

"चालतंय," मी म्हणाले. मला बरं वाटलं. निदान ऐकतेय तरी, असं वाटलं. दिवसभर पोरांना 'नीट वाचा, मग उत्तर लिहा' असं ओरडणारी बाई मी, आणि समोर बसलेल्या आईचा प्रश्न मला कळला नाही.

रविवारी आप्पांनी गुंडू आणि ज्योतिबा दोघांनाही एकाच वेळी बोलावलं. "दोन गिऱ्हाइकं समोरासमोर आल्याबगार भाव फुटत न्हाय," असं त्यांचं वखारीतलं शास्त्र. ह्या वेळी गिऱ्हाईक आपण आहोत, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. गल्लीतल्या बायका सुपं घेऊन आमच्या दारात येऊन बसल्या. सोनुबाई सगळ्यांत पुढं. लग्नाची बोलणी असल्यासारखी गर्दी जमली.

गुंडू म्हणाला, "आमची कंपनी सरकारी, बुडत नाही बघा." ज्योतिबा म्हणाला, "कंपनी बिल मागते, मग पैसे देते. तोवर माणूस काय दारात थांबतो की काय? आमचं कार्ड दाखवलं की थेट आत." गुंडू म्हणाला, "आत घेतात आणि सोलून बाहेर काढतात." मग दोघं कानडीत भांडायला लागले. बायका खूश झाल्या, कारण भांडण सगळ्यांना कळत होतं.

आप्पांनी दोघांना गप्प केलं आणि गुलाबी कार्ड ज्योतिबाच्या मांडीवर परत ठेवलं. मग खांद्यावरचा टॉवेल काढून गुंडूच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात सरकवला.

गुंडू दचकला. "काका, हे काय?"

"भाव सांग," आप्पा म्हणाले. बाजारात असाच सौदा व्हायचा. कापडाखाली हात धरायचा, बोटं दाबून आकडा सांगायचा, आणि भोवतीच्या लोकांना पत्ता लागायचा नाही. "दोघांचा मिळून बोल. लोकाम्होरं बोलू नगंस, बोटं दाब."

"काका, हप्ता वरून ठरून येतो. मला कमी करता येत न्हाय हो."

"सगळे आसंच म्हनत्यात. दाब की!"

बायका हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. सोनुबाई ओरडली, "दाब रं पोरा, लाजतुयास कशाला!" गुंडूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. शेवटी त्यानं काय दाबलं देव जाणे, पण आप्पांनी टॉवेल झटकून खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आगदी घट्ट मानूस हाय. कंपनी चांगली असणार. लिव्ह फारम."

टाळ्या पडल्या. मी चहा टाकला. गुंडूनं फॉर्म उघडून आप्पांचं सगळं लिहिलं, मग आईकडं वळला. नाव, काम, वय. वयावर थोडी घासाघीस झाली.

"आणि काकू, काही दुखणं? आधीचं, आत्ताचं?"

"न्हाय," आई म्हणाली.

तिनं मान वर केली नाही. आणि फार पटकन म्हणाली.

"बिडी कामगाराचं कार्ड द्या म्हणजे नंबर लिहितो. दवाखान्याची वहीपण आहे ना तुमच्याकडं?"

"कार्ड हाय. वही न्हाय घरात," आई म्हणाली. "हरवली."

आप्पांनी चहाची बशी खाली ठेवली. आमच्या घरात वस्तू हरवत नसत, विशेषतः आईच्या. तुटकी सुई कुठल्या वर्षी कुठं ठेवली हे ती सांगायची. आप्पा वखारीतल्या लोकांना नेहमी एक गोष्ट शिकवायचे, व्यापारी ज्या बोदावर टेकून बसतो, हात नेमका त्याच बोदात घालायचा. ते आईकडं बघत राहिले. आई पाटावर बसली होती. पाटाखाली टेंभुर्णीच्या पानांची ओली गोणी होती, आणि ती थोडी जास्तच मागं सरकून बसली होती.

"ऊठ जरा," आप्पा म्हणाले.

"कशापायी? बिड्या सांडतील."

"आक्का, गोनीखाली बघ."

मी बघितलं. मला वाटत होतं हाही खेळच चाललाय. वही मिळाल्यावर मी ती उंच धरून सगळ्यांना दाखवलीसुद्धा. "हरवली म्हणे!" बायका हसल्या. आई म्हणाली, "दे इकडं," आणि तिचा आवाज असा आला की माझं हसू तिथंच राहिलं.

आप्पांनी वही घेतली. पहिलं पान बघितलं नाही. मधूनच उघडली आणि माझ्यापुढं धरली. "वाच."

डॉक्टरांचं अक्षर वाईट होतं, पण मला वाईट अक्षर वाचायची सवय आहे. दिवाळीनंतरची तारीख. बेंबीपाशी आंतर्गळ. ऑपरेशनसाठी बेळगाव. मग संक्रांतीच्या आसपास पुन्हा तेच. मग होळीला, आंतर्गळ मोठा झालाय, ऑपरेशन. आणि बरोबर पंधरा दिवसांपूर्वीची तारीख, खाली दोन रेघा मारून, 'ताबडतोब पाठवणे. आतडं अडकल्यास जिवाला धोका.' चिठ्ठ्यासुद्धा तिथंच होत्या, चारही, घड्या न मोडलेल्या.

मी वाचून थांबले. दारात कुणाची कैची वाजत होती, ती थांबली.

"किती दीस दुखतंय?" आप्पांनी विचारलं.

"दुखत न्हाय. फडक्यानं घट्ट बांदलं की काय बी हुत न्हाय." आई तडातडा बोलायला लागली. तिला एवढं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. "आन् आता कशाला गेलं पायजे? आक्कानं वाचलंय न्हवं? वर्साच्या वर एक दीस झाला की कंपनी सगळा खर्च देतीय. चांगल्या दवाखान्यात, खोलीत. आता गेलं तर डब्यातलं पैसं त्यातच जात्यात, मग पॉलिशी कशाची? तुमाला काय झालं तर? म्या हिशोब केलाय. सात म्हैनं काडलं, आनी बारा काडीन."

म्हणजे पंधरा दिवस आम्ही दोघं पायरीवर बसून शहाणपणा करत होतो, आणि खरी तुलना तिनं केली होती. तिन्ही योजना तिनं तोलल्या, कलमं पाठ केली आणि स्वतःचं पोट बांधून वर्षभर थांबायचं ठरवलं. आणि ते कलम मी तिला दोनदा वाचून दाखवलं होतं, हौसेनं. मला इतका राग आला! तिचा आला, माझा आला, त्या गुळगुळीत कागदांचा आला. मी ओरडले, "आई, तुला अक्कल आहे का?" आणि ओरडता ओरडता रडायला लागले.

गुंडू हळूच म्हणाला, "काका, मी ती वही बघितलीच नाही. फॉर्मवर 'नाही' लिहितो. असं लोक करतात."

"तू न्हाय बघिटलीस," आप्पा म्हणाले. "म्या बघिटली न्हवं."

त्यांनी फॉर्म घेतला, शांतपणे चार घड्या घातल्या आणि गुंडूच्या खिशात ठेवला. मग आईपुढं मांडी घालून बसले. तिच्या मांडीवरचं सूप उचलून बाजूला केलं. अर्धी वळलेली बिडी तिच्या बोटांत तशीच होती, तीही काढून घेतली. खांद्यावरचा टॉवेल तिच्या हातावर टाकला आणि खाली आपला हात घातला.

"हं," म्हणाले. "तुजं वरीस. माजं उद्या. कर सौदा."

"आवं, लोकं बघत्यात!"

"म्हनून तर टावेल हाय."

आई एवढी लाजली, आणि एवढी चिडली. "सहा म्हैनं," ती म्हणाली. आप्पांनी नकाराची मान हलवली. "बरं, पाऊसकाळ होऊ दे." आप्पांची मान पुन्हा तशीच हलली. टॉवेलाखाली काहीतरी हलत होतं. आम्ही सगळ्या माना पुढं काढून बघत होतो. मला पहिल्यांदा जाणवलं की हा सौदा फिसकटला तर माझी आई मरेल. एवढी साधी गोष्ट होती ती.

बराच वेळ गेला. मग आई खाली बघून म्हणाली, "व्हय. उद्या."

आप्पांनी टॉवेल झटकला आणि वखारीत ओरडायचे तसे ओरडले, "झाला सौदा! उद्याची पयली बेळगाव गाडी!"

त्यानंतर जो गोंधळ उडाला तो मी जन्मात विसरणार नाही. सोनुबाई सूप टाकून पळाली आणि फंडाची थैली घेऊन आली. "कागूद न्हाय माज्याकडं," आप्पांच्या नाकासमोर थैली नाचवत ती म्हणाली, "आता घाल हात!" आप्पांनी मुकाट्यानं हात घातला. बायकांनी तिथल्या तिथं पाळ्या लावल्या, आईजवळ इस्पितळात कोण, कधी. तिच्या वाटणीच्या बिड्या दुसऱ्यांनी वळून कारखान्यात द्यायच्या, म्हणजे नाव कटणार नाही. आणि गुंडू, ज्याचा फॉर्म नुकताच खिशात परत गेला होता, तो म्हणाला, "शहापुरातून इस्पितळ काय लांब नाही. जेवणाचा डबा मी पोचवतो. आईला सांगतो की आजच."

"दूध माझ्याकडं," ज्योतिबा म्हणाला. "सांबऱ्याचं म्हशीचं. शहापुरात पाणी घालतात."

झालं, पुन्हा भांडण.

सरकारी इस्पितळात रांग होती, पंखा नव्हता, चादर पांढरी होती की नाही ते सांगत नाही. पण त्या चिठ्ठीवर आईला दाखल करून घेतलं, तिसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं आणि तेराव्या दिवशी ती घरी आली. बाहेरच्या औषधांना फंडाचे पैसे पुरले, थोडे डब्यातले लागले. आठ दिवस गुंडूचा डबा आला. त्यात एकदा श्रीखंड होतं, ते सोनुबाईनं खाल्लं.

पुढच्या वर्षी आप्पांनी गुंडूला बोलावून पॉलिसी घेतली. आईच्या नावापुढं आंतर्गळ, ऑपरेशन, तारीख, सगळं लिहायला लावलं. मीच वाचून खात्री केली, मधून.

पण त्याआधीची, ऑपरेशन झालं त्याच वर्षातली दिवाळीची गोष्ट सांगायची राहिली. आई पुन्हा सूप घेऊन बसायला लागली होती. आम्ही दोघीच होतो. मी तिला विचारलं, "त्या दिवशी टॉवेलाखाली आप्पांनी किती बोटं दाबली गं? एवढी हट्टी तू, पंधरा मिनटांत वर्षाचं उद्यावर कशी आलीस?"

आईनं बिडीला दोरा गुंडाळला, दातानं तोडला.

"बोटं कसली दाबत्यात," ती म्हणाली. "नुसता हात धरून बसलं हुतं. चौतीस वर्सं बोदात घातलेला हात त्यो, आन् असा थरथरत हुता की मला धरून ठेवाय लागला. मग म्हटलं, व्हय. उद्या."